डाव्या खिशातून उजव्या खिशात

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे फुटाणेसर म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं. एकदा संख्याशास्त्राच्या वर्गाबाहेरून कुणीतरी तसं ओरडून गेलं, तर सर खडू हातात धरून दारापर्यंत गेले आणि रिकाम्या व्हरांड्याला म्हणाले, "आत या, संपले नाहीत अजून." मग परत येऊन अर्धवट राहिलेलं गणित पूर्ण केलं.

त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आजवर जे लिहिलं ते परीक्षेत, नाहीतर प्रयोगवहीत. त्यामुळं कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. सर म्हणायचे, दिसलं तेवढं लिही, जास्तीचं घालू नकोस. तसंच करायचा प्रयत्न करते.

फुटाण्यांचं आधी सांगते. ते खाण्यासाठी नसत, निदान मुख्य काम ते नव्हतं. सरांच्या पँटच्या डाव्या खिशात मूठभर फुटाणे असत. ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं आणि एक फुलपाखरू दिसलं की एक फुटाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. वहीत लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात पुढचं निसटतं, असं त्यांचं म्हणणं. वाट संपली की रुमाल अंथरून उजवा खिसा त्यावर रिकामा करायचा, फुटाणे मोजायचे, मग वही. एका फेरीत एकच जात. दुसरी जात मोजायची तर पुन्हा वाटेच्या पहिल्या दगडापासून. एकाच वाटेवर ते सकाळभर आठ-दहा वेळा जात-येत राहायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ह्या माणसाचं काहीतरी हरवलंय.

त्यांच्या जुन्या वह्या मला चाळायला मिळाल्या तेव्हा एका पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं दिसलं : "उजव्या खिशातले दोन फुटाणे चुकून खाल्ले. दोन वाढवून धरावेत." मी आधी हसले. मग बराच वेळ ते पान उलटावंसं वाटेना. त्या माळावर ते एकटे होते. बघायला कुणी नव्हतं, विचारायलाही कुणी येणार नव्हतं. तरी त्यांनी लिहिलं होतं.

मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. मॅडमनी मला प्रकल्प दिला, 'नदीकाठच्या परिसरातील फुलपाखरांची विविधता व अधिवास-पसंती'. अधिवास-पसंती म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, पण विचारायची लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, नावं मी शिकवीन, मोजणी शिकायची तर संख्याशास्त्राच्या सरांकडे जा, ते कित्येक वर्षं मोजतायत आणि कुणी त्यांना आकडे मागितलेले नाहीत.

मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी नाव विचारलं नाही.

"मूळ गाव?"

मी सांगितलं.

"नदी लागते?"

"व्हय," माझ्या तोंडातून गेलं. मी घाईघाईनं "होय सर" केलं.

"पहिलं बरोबर होतं," ते म्हणाले, आणि शनिवारी पहाटे पाचची वेळ दिली.

अधिवास-पसंती हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. ते गाव म्हणायचे. आपल्याकडं माणसाला काय विचारतात, असं त्यांनी मला पहिल्याच शनिवारी विचारलं. राहायला कुठं, कामाला कुठं, हे सगळं नंतर. आधी मूळ गाव. फुलपाखराचंही तसंच. ज्या झाडाच्या पानावर त्याची आई अंडं घालते आणि जी पानं खाऊन अळी वाढते, ते त्याचं मूळ गाव. म्हणून त्यांनी फुलपाखरांना आपली आपण आडनावं दिली होती. रुईच्या पानावर वाढणारं, नारिंगी पंखांचं, काळ्या काठाचं ते रुईकर. नदीकाठच्या एरंडावरचं ते एरंडकर. पिवळं, सतत घाईत असलेलं तरवडकर. बोरीच्या काट्यातलं नखाएवढं निळसर बोरीकर. परसातल्या कढीपत्त्यावरचं काळंभोर ते कढीपत्तेकर. मॅडमना हे पटत नसे. शास्त्रीय नाव लिहा ना सर, त्या म्हणायच्या. सर म्हणायचे, ते तुम्ही लिहा, तुमच्या विषयातली माणसं आहेत ती, मी आपला शेजारी.

मी सुरुवातीला फुलांच्या मागं धावायचे. घाणेरीवर दहा फुलपाखरं दिसली की वाटायचं, झालं, ह्यांचा अधिवास घाणेरी. सरांनी ते पान बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "फूल म्हणजे हॉटेल. भिगवणच्या हॉटेलात जेवणारी सगळी माणसं भिगवणची असतात का? घर कुठं ते सांग."

त्या दिवसापासून मी पानं उलटी करायला शिकले. बोरीचं पान, एरंडाचं पान, ज्याला आम्ही जन्मभर तण म्हणत आलो त्या टाकळ्याचं पान. पानाच्या खाली खसखशीएवढं अंडं असायचं. आमच्या बांधावर हे सगळं होतं, आणि एकोणीस वर्षं मी त्यावरून चालत गेले होते, हे मनात आलं की अंगावर काटा यायचा.

आमच्या तीन वाटा होत्या. एक कळसच्या माळावर, गवत आणि तरवड-बोरीतून. एक भिगवणला, धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेनं. आणि एक नीरेच्या काठावर, आमच्याच शेताखालून. दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार मिळून तिन्ही. सर लुनावर पुढं आणि मी एसटीनं, नाहीतर वर्गातल्या मैत्रिणीच्या स्कूटीवर.

रस्त्यात माणसं थांबवायची. वरकुट्याच्या बाजूला एक शेतकरी आमच्या मागं अर्धा तास चालत आला. त्याला खात्री होती की सर नव्या रस्त्याच्या मोजणीला आलेत. "सायेब, माझी हीर वाचती का तेवढं सांगा," म्हणाला. सर म्हणाले, रस्ता नाही, फुलपाखरं मोजतोय. तो जरा दुखावला. "नसंल सांगायचं तर ऱ्हाऊ द्या की, पर आसं लहान पोरागत नका समजावू." जाताना त्यानं बळंच एक डाळिंब हातात दिलं. त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलंय : "शेतकऱ्याने एक डाळिंब दिले. रस्त्याबद्दल गैरसमज. डाळिंब गोड."

भिगवणला आमची वाट हॉटेलांच्या मागून जायची. तिथं मासे धुतात आणि ते पाणी मातीत मुरतं. मला वासानं कसंतरी व्हायचं. पण उन्हं चढली की त्याच चिखलावर फुलपाखरं उतरायची. पांढरी, पिवळी, निळी, शेजारी शेजारी पंख मिटून, सोंड चिखलात घालून बसलेली. फुलपाखरू म्हणजे फुलावर, असं शाळेच्या पुस्तकात होतं. इथं ती माशाच्या पाण्यावर होती. सर गुडघे टेकून त्या घाणीत बसायचे. फुलात साखर मिळते पण मीठ मिळत नाही, मीठ इथं, असं त्यांनी सांगितलं. मासे धुणाऱ्या मावशी त्यांना ओळखायच्या. सर आले की त्या बादली हळू ओतायच्या, फुलपाखरांच्या अंगावर उडू नये म्हणून. मोजून झाल्यावर सर थोडा वेळ पाण्याकडं तोंड करून नुसते उभे राहायचे. मला वाटायचं, दमले असतील.

आता त्यांच्या दुसऱ्या बाजूबद्दल सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझी भीती त्यामुळंच होती. सर खोटं बोलत नसत, आणि कुणासमोर काय बोलावं हे त्यांना कळत नसे. कॉलेजात तपासणीला समिती येणार होती तेव्हा मागची पडीक जागा साफ करून तिथं लॉन लावलं. समारंभात त्या लॉनबद्दल संस्थेच्या एका ज्येष्ठ माणसाचा सत्कार झाला. सरांना आभार मानायला उभं केलं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि त्या जागेत कोण कोण राहत होतं त्याची यादी वाचून दाखवली. रुईकर इतके, टाकळकर इतके, घोळीच्या रोपावरचे चांदवे इतके. शेवटी म्हणाले, "एवढ्यांना आपण घराबाहेर काढलं. सत्काराचे आभार." टाळ्या वाजवाव्यात का, ते कुणाला कळेना. तो ज्येष्ठ माणूस हातातला नारळ धरून तसाच बसून राहिला. त्याचा चेहरा मी विसरले नाही.

तर असे सर पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होते; आजवर आम्ही काठावर मोजून परस्पर परत जायचो.

वर्षाची शेवटची मोजणी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी नीराकाठावर होती. आमचा काठ ही माझ्या प्रकल्पातली सगळ्यात भरलेली वाट होती. कळस आणि भिगवण दोन्ही मिळून जेवढ्या जाती दिसत नसत तेवढ्या तिथं एका सकाळी दिसायच्या. सर म्हणाले होते, ही मोजणी झाली की तुझा प्रकल्प विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवू, आणि तुझ्या वडिलांशी बोलतो. बोलायचं होतं पुढच्या शिक्षणाचं. मला एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, नाही म्हणत नव्हते, पण त्यांना समजत नव्हतं. फुलपाखरं मोजून काय हुतं, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं.

मी होस्टेलला होते. शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं गावात उतरले तर सर लुना लावून स्टँडवर उभेच होते. आम्ही दोघं शेताकडं चालत गेलो. ऊस ओलांडला आणि काठ दिसला.

काठावर काही नव्हतं.

रुई नव्हती, एरंड नव्हता, घाणेरी, टाकळा, तालिमखाना, काहीच नाही. पाण्यापर्यंत सगळी माती उघडी, खराट्यानं झाडल्यासारखी. उतारावर कुदळीनं पायऱ्या खोदलेल्या, त्यांवर मुरूम टाकून चोपलेला. खाली पाण्याजवळ घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची. तिच्याजवळ आण्णा उभे होते, धुतलेला सदरा आणि टोपी घालून. त्यांच्या हातांना फोड आले होते ते मला लांबूनही दिसले.

वर्षभराचं काम गेलं, हे मनात आलं, पण ते नंतर. आधी मला त्या नारळ धरलेल्या माणसाचा चेहरा आठवला. सर आता बोलणार, आणि आण्णांचा चेहरा तसा होणार. मी सरांकडं बघायचं टाळलं.

सरांनी डाव्या खिशात हात घातला आणि पहिल्या दगडापासून चालायला सुरुवात केली.

ते पूर्ण वाट चालले. परत आले. पुन्हा गेले. तीच चाल, तेच थांबणं. जिथं रुईचं बेट होतं तिथं थांबले, एरंडाच्या जागी थांबले. आण्णा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे, त्यांना वाटत होतं कामात बोलू नये. आठ फेऱ्या झाल्या. मग सर खाली बसले, रुमाल अंथरला आणि उजवा खिसा उलटा केला. रुमालावर काही पडलं नाही. त्यांनी वही काढून प्रत्येक रकान्यात शून्य लिहिलं, एकेक, नीट गोल.

"आण्णा," ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मीच की. दोन दिस लागलं," आण्णा म्हणाले. "आवो, मानूस घरी यायचं म्हटल्यावर आंगण झाडतोच आपुन. तुमी नदीला येणार, म्हणून नदी झाडली."

मी डोळे मिटून घेतले. मग मला पायऱ्यांवरून चपलांचा आवाज आला. ते त्या मुरमाच्या पायऱ्या उतरून खाली गेले, खुर्चीवर बसले, दोन्ही पाय पाण्याकडं करून.

"माझ्यासाठी आजवर एवढं कुणी केलेलं नाही," ते म्हणाले. मी त्यांना ओळखत होते. ते खोटं बोलत नसत.

आईनं चहा पाठवला. चहा झाल्यावर सरांनी विचारलं, कापलेलं कुठं टाकलं. आण्णांनी सांगितलं, पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं ढीग घातलाय, काल संध्याकाळी पेटवणार होतो, पण सकाळपर्यंत धूर राहिला असता, पाहुण्याच्या डोळ्यांना त्रास.

आम्ही मोटारीच्या खोलीला वळसा घातला आणि थांबलो.

ढीग दिसत नव्हता. म्हणजे होता, माणसाच्या छातीएवढा, पण त्याची पानं दिसत नव्हती. सगळ्या ढिगावर फुलपाखरं बसली होती. काळ्यावर निळसर पट्टे असलेली, नारिंगी, गडद तपकिरी, एकावर एक, पंख उघडत मिटत. एवढी होती की पंखांचा आवाज येत होता. फुलपाखरांना आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. कोरड्या पाल्यावर बारीक पाऊस पडावा तसा तो होता. आण्णा एक पाऊल पुढं गेले तशी वरची पन्नासएक उडाली आणि त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर, फोड आलेल्या हातांवर बसली. आण्णा हलले नाहीत. त्यांनी श्वासही घेतला नसावा.

"कुठनं आली ही एवढी?" ते अगदी हळू म्हणाले.

सरांनीही आवाज खाली आणला. त्यांनी ढिगातला खुळखुळा आणि भुरुंडी दाखवली. ही झाडं कापून सुकायला लागली की त्यांतून एक कडू रस सुटतो, त्याच्या वासावर ती कोसांवरून येतात, असं त्यांनी सांगितलं. आलेले जवळजवळ सगळे नर. लग्नाआधी त्यांना हे औषध लागतं. आण्णांना हसू आलं, पण टोपीवरचं उडेल म्हणून त्यांनी ते आत ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजी मी कापलं ते बरंच झालं म्हणायचं?"

मला वाटलं सर आता हो म्हणतील. त्या सकाळी कुणीही हो म्हटलं असतं.

"नाही," सर म्हणाले. "हे पाहुणे आहेत, आण्णा. दोन दिवसांनी जातील. राहणारे वेगळे होते."

"राहणारी कुठं गेली?"

सरांनी ढिगाच्या कडेची रुईची एक फांदी हळूच उलटी केली. पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी होती, बोटाएवढी, सुकत चाललेलं पान अजून खात होती. दुसऱ्या पानाखाली आणखी एक. तिसऱ्याला हिरवा कोष लटकत होता.

आण्णा खाली बसले. फांदीकडं बघत राहिले. "जल्मभर आळी उचलली ती मारायलाच," ते म्हणाले. मग त्यांनी दोन बोटांत ती अळी धरली, आमच्या घरात दूध पिणाऱ्या वासराचं तोंड धरतात तशी, आणि मला म्हणाले, "तायडे, सूप आण."

दुपारपर्यंत माझे वडील आणि माझे सर त्या ढिगासमोर मांडी घालून बसले होते. मध्ये आईचं सूप. एकेक फांदी उलटायची, अळी सुपात. डोक्यावरून फुलपाखरं जात-येत होती. आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, जावयाला नेल्यागत नेताय की. सुपात किती झाल्या ते सर मोजत होते, अर्थातच फुटाण्यांनी. आण्णांनी फुटाण्यांचा हिशोब विचारला आणि सरांनी त्यांना तो नीट शिकवला. मधूनच आण्णांनी, आपल्याकडं कुणालाही विचारतात तसं, हातातलं काम न थांबवता विचारलं, "सर, तुमचं मूळ गाव कंचं?"

मी सरांबरोबर वर्षभर फिरत होते. त्यांनी हा प्रश्न शेकडो जणांना विचारताना मी ऐकला होता. त्यांना कुणी विचारलेला ऐकला नव्हता. मलाही कधी सुचलं नाही.

"भिगवणच्या पलीकडं," सर म्हणाले. मग एक अळी सुपात ठेवून, "आता पाणी हाय तितं."

सर आमच्यासारखं बोललेले मी तेवढ्याच वेळी ऐकले. आण्णांनी मान वर केली, सरांकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. धरणात गेलेल्या गावांबद्दल आमच्याकडं कुणी जास्त विचारत नाही. ते पुढची फांदी उलटू लागले, पण आता आधीपेक्षाही हळू, पान फाटणार नाही असं. मला भिगवणला पाण्याकडं तोंड करून उभे राहणारे सर आठवले, आणि ते दमत नव्हते हे मला तेव्हा कळलं.

अळ्या मारुतीच्या देवळामागच्या रुईवर सोडल्या. गावात तेवढीच रुई शिल्लक होती. कोष फांदीसकट दोऱ्यानं बांधले. अडचण एकच होती, शनिवारी त्याच रुईची पानं मारुतीच्या माळेला तोडतात. आण्णा गुरवांकडं गेले. काय बोलले माहीत नाही, पण पुढचे तीन शनिवार मारुतीला माळ दुसऱ्या गावच्या रुईची आली.

प्रकल्प लिहिताना त्या दिवसाच्या शून्यांपुढं कारण लिहायचं होतं. मी 'मानवी हस्तक्षेप' असं लिहिलं. वाचायला शास्त्रीय वाटतं आणि त्यात आण्णा दिसत नाहीत. सरांनी ते खोडलं. "कोणत्या मानवाचा? का केला?" म्हणाले. "तुझ्या वडिलांनी जे सांगितलं तेच लिही. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही. तुला दिसलं का?" मी रात्रभर विचार केला आणि तसंच लिहिलं. माझ्या प्रकल्पाच्या तक्त्यात आठ शून्यं आहेत, आणि पुढच्या रकान्यात आहे : 'पाहुणे येणार म्हणून नदी झाडली.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथं बोट ठेवलं, मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "त्यानंतर फुलपाखरं परत आली का?" मी म्हटलं, अजून मोजलं नाही सर. स्पर्धेत नंबर आला नाही. पुण्याला मात्र मी आले. त्या दुपारनंतर आण्णांनी 'काय हुतं' हे पुन्हा विचारलं नाही. सरांना ह्या विषयावर त्यांच्याशी वेगळं बोलावंच लागलं नाही.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला ते आलेच नाहीत, शनिवार होता. फोन ते वापरत नसत. कुणी म्हणतं मुलीकडं गेले, कुणी म्हणतं उन्हाळ्यात भिगवणला पाणी उतरतं तेव्हा लुना दिसते. मी विचारत राहिले, पत्ता मिळाला नाही. त्यांच्या वह्या मॅडमच्या कपाटात आहेत.

आमच्या काठावर आण्णांनी पुन्हा खुरपं घातलं नाही. पायऱ्या तशाच आहेत, बाकी सगळं वाढलंय. शेजारचे तात्या येता-जाता टोमणे मारतात. ऊसवाल्यांच्या गावात बांध माजू देणं म्हणजे घराची लाज. आई सांगत होती, परवा चारचौघांत तात्या म्हणाले, "आण्णा, पोरगी शिकली आन तू आळशी झालास व्हय?" आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, राहणारी हायती तितं. तात्यांना काही कळलं नाही.

दर शनिवारी सकाळी आण्णांचा मला फोन येतो. तब्येत, पाणी, लाईट असलं काही ते बोलत नाहीत, ते आईचं काम. गेल्या शनिवारी नीट ऐकू येत नव्हतं. काठावर वारा असतो. मी वही उघडून बसले होते.

"रुईकर अकरा," आण्णा म्हणाले. मी अकरा लिहिलं. मग पलीकडं थोडा वेळ नुसता वारा होता.

"तायडे, बारा धर," ते म्हणाले. "एक मी खाल्ला."